दोन मोठे, दोन मुलं

कोलंबसच्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी, शाळेच्या जिममध्ये.
सोडतीत आमचा आकडा लागला, एकशे सत्तेचाळीस.
माउई बेट, समुद्रकाठचं रिसॉर्ट,
चार रात्री, दोन मोठे, दोन मुलं.
टाळ्या वाजल्या. मग जरा कमी वाजल्या.
फुकट ते पौष्टिक, पद्माकर म्हणाला
आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात गेलं.

काउंटरवरच्या मुलीनं मनगटाचे पट्टे मोजले.
दोन निळे. दोन नारिंगी, आखूड.
मुलं मागून येतायत का?
हो, तो म्हणाला.
तेहतीस वर्षांत इतकं सहज खोटं
मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

खोलीत भिंतीला लागून दुमजली पलंग,
चादरीवर मासे, उशांवर चॉकलेटची कासवं.
मी खालच्या मजल्यावर बॅग ठेवली,
त्यानं वरच्या मजल्यावर टोपी.

सकाळी न्याहारीला ही रांग!
अननसाचे डोंगर, उंच खुर्च्या, सांडलेलं दूध,
कुणाचा तरी इवला बूट माझ्या पायाशी.
मी पर्समधून हळूच दाण्याच्या चटणीची डबी काढली.
शेजारचं पोरगं टक लावून बघत राहिलं.
चिमूटभर दिली असती,
पण दुसऱ्याच्या लेकराला इथे शेंगदाणा देत नाहीत.
एवढं कळतं आता.

दुपारी तो माडांखाली उभा राहिला.
गुहागरचा माणूस, माड दिसला की मान वर.
एकाही झाडाला नारळ नाही.
माळी म्हणाला, कोवळे असतानाच उतरवतो,
पाहुण्यांच्या डोक्यात पडायला नकोत.
म्हणजे हे सगळे माड, पद्माकर माझ्याकडे वळला,
हे सगळे
आणि थांबला.
त्याच्या जिभेवर आलेला शब्द
मला लख्ख दिसला.
त्याच्या काकूनं एका हळदीकुंकवाला
वाण द्यावं तसा तो माझ्या ओटीत घातला होता.
वांझ, मीच म्हणाले. म्हण की. झाडंच आहेत.
नाहीत, तो म्हणाला. धरतो यांना.
ठेवू देत नाहीत, एवढंच.
मग आम्ही बराच वेळ वर बघत राहिलो.
तिसरा महिना.
चार वर्षांनी, पाचवा.
झावळ्यांतून पाण्याच्या घसरगुंडीवरचा आरडाओरडा येत होता,
कुणीतरी ‘आणखी एकदा, आणखी एकदा’ म्हणून रडत होतं.

शेवटच्या रात्री त्याला काय सुचलं कोण जाणे,
एकसष्टाव्या वर्षी, बदललेल्या गुडघ्यानिशी
शिडी चढून वरच्या मजल्यावर गेला.
टोपी माझ्या अंगावर पडली.
आता उतरता येईना.
मी बॅग ढकलून खाली आडवी झाले.
तो कूस बदलला की फळ्या करकरायच्या.
झोपलीस?
नाही.
इथल्या समुद्राला गुहागरची गाज नाही गं.
मग कशी आहे?
एसीसारखी.
एसीच आहे तो, मी म्हणाले.
यावर तो असा हसला की पलंग हलला,
मग मी, मग पुन्हा तो,
शेवटी पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.
आम्ही मासेवाल्या चादरी तोंडात कोंबल्या.
तरी फुटत होतं.

निघताना तीच मुलगी.
मुलांना मजा आली का?
पद्माकर सही करत होता, वर बघेना.
खूप, मी म्हणाले, रात्रभर झोपली नाहीत.
तिनं आमच्या नावावर अठरा डॉलर लावले.
चार टॉवेल दिले होते,
परत आले तीन.