किती पायजे

जिंतूरच्या पुढं, येलदरी रस्त्याला आत
आमचं उपकेंद्र. दोन खोल्या, एक खाट,
भिंतीला उंचीची पट्टी, तिच्यावर जिराफ.
जिराफ लेकरांसाठी आहे,
पण बायाही त्याच्याच मानेला टेकून उभ्या राहतात.

अंबाडा सोडा, म्हणते मी.
टाचा भिंतीला. समोर बघा.
आणि मी आकडा वाचायच्या आधी
प्रत्येक जण विचारतेच :
"किती पायजे?"
जणू कमी भरलं तर
घरून आणून देणार आहे.

गयाबाई म्हणाली, घागरीसकट मोजा की,
चाळीस वर्षं तिनंच तर दाबलं मला.
नसीमबी म्हणाली, अम्मीला मी लांबडी वाटायचे,
सासूला ठेंगणी,
मधल्या रस्त्यात काय झालं कोण जाणे.
आणि कौसाबाईचं वेगळंच :
पहिलं टाळकी ज्वारी असायची, बाई,
आत शिरलं की माणूस गायब.
मंग हायब्रीड आली, कमरेएवढी,
तवापासून आम्ही समद्या उंच.

माझ्या बायोडाट्यात वडिलांनी लिहिलं होतं
'उंची : मध्यम'. आकडा नाही.
मुलाच्या आत्यानं मला फ्रिजशेजारी उभं केलं,
एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.
फ्रिज एकशे पासष्ट लिटरचा होता.
मी लिटरमध्ये पास झाले.

गेल्या साली ग्रामपंचायतीनं
केंद्रात फरशी बसवली. पांढरी, ठिपक्यांची.
जुन्या कोब्यावरच घातली.
पट्टी होती तिथंच राहिली.
त्या महिन्यापासून माझ्या रजिस्टरात
बाया वाढल्या. सरसकट तीन सेंटीमीटर,
साठीतल्यासुद्धा.
तालुक्याच्या मीटिंगला साहेब म्हणाले,
सरासरी सुधारली, पोषणाचा परिणाम दिसतोय.
टाळ्या झाल्या.
मीही वाजवल्या.

शिवकन्या घुगे भरतीसाठी पळायची,
पहाटे, कालव्याच्या कडेनं,
भावाचे बूट घालून, पुढं कापूस कोंबून.
माझ्या पट्टीवर एकशे पंचावन्न.
मी चिठ्ठीवर लिहून दिलं,
आकड्याभोवती गोल केला, लाल पेनानं.
परभणीच्या मैदानावर एकशे बावन्न.
पळायच्या आधीच बाहेर.
बसस्टँडवरून तिचा फोन आला :
"सिस्टर, मी रस्त्यात कमी झाले का?"

त्या रात्री शिलाईचा टेप घेऊन
मी फरशीवर गुडघे टेकले.
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा
टेपवरच संशय घेऊन पाहिला.
मग जिराफ काढला.

रजिस्टर अजून दुरुस्त केलेलं नाही.
खाडाखोड केली तर
अख्खं गाव एका रात्रीत खचेल,
आणि खचलेल्या गावाचा फॉर्म वेगळा असतो.
नवी पट्टी मागवली आहे, येते म्हणतात.
भिंतीत चार खिळ्यांची भोकं आहेत,
बाया तरी तिथंच येऊन पाठ लावतात,
पदर सारखा करतात, मान ताणतात,
"किती पायजे?"

काल शिवकन्या आली. चिठ्ठीचं काढलं नाही.
मीही नाही, तोंड उघडलं होतं तरी.
तिनं चपला दारात सोडल्या,
भोकांच्या मधोमध टाचा लावल्या,
आणि म्हणाली, "किती हाय?"

माझ्याकडं सांगायला काही नव्हतं.
मी तळहात आडवा तिच्या डोक्यावर ठेवला,
भिंतीला टेकवला, म्हटलं, सरक बाजूला.
ती सरकली.
हात तिथंच राहिला, चुन्यावर,
माझ्या कपाळाच्या चार बोटं वर,
आणि आम्ही दोघी
त्याच्याकडं बघत राहिलो.