ससा

आमच्या धंद्यात त्याला ससा म्हणतात.
पैसे घेऊन पुढे पळायचं,
वारा अंगावर घ्यायचा
आणि तिसाव्या किलोमीटरला
गुपचूप रस्त्याच्या कडेला व्हायचं.
गोष्टीतला ससा झोपतो.
बारंगेटुनी कधी झोपला नाही.

मिनीबसने उडवला. दूध आणायला निघालेला,
चालत होता म्हणे.

अंगणात खड्डा खणायला
बर्लिन जिंकलेले दोघे होते, टोकियोचा एक,
आणि मी, ज्याचं नाव कुठेच नाही.
बुटांवरून थोडं वाजलंच:
कंपनीचे कोरे घालायचे,
की अंगठ्याशी फाटलेले, त्याचे लाडके.

तेवढ्यात त्याची आई म्हणाली,
टीव्हीवर दिसायचा. मग दिसायचा नाही.
तिथून पुढे कुठे जायचा रे?

बर्लिनवाले मातीकडे बघत राहिले.
मी म्हटलं, जाकीट चढवायचा, आई.
मग बसने हॉटेलवर.
खायला द्यायचे का?
केळं, म्हटलं.

ती आत गेली, तुंबा घेऊन आली.
कोळसा फिरवलेलं आंबट दूध,
जिंकून आलेल्याला पाजतात ते.
त्याच्यासाठी कधी भरलाच नव्हता.
आम्ही प्यायलो, काय करणार.

दुसऱ्या दिवशी सहाला, लाल रस्त्यावर अठराजण.
चढ लागला तरी पुढे कोणी होईना.
रांग आडवी होत गेली,
रस्ताभर पसरली,
आणि केरिओच्या दरीतला वारा
प्रत्येकाच्या तोंडावर.

इतका असतो,
हे आम्हाला माहीतच नव्हतं.