मापाची दोरी

पांझरेकाठच्या छावणीत
साहेबाची धाकटी बहीण राहायला आली
तेव्हा मला बोलावणं आलं.
झिपरू शिंपी. हात कोरडे, नजर खाली.

त्यांच्यात कंबर उराखालीच बांधतात,
पुढे सगळं मोकळं, पाटाच्या पाण्यासारखं.
अंगाला हात न लावता
दोरीला गाठी मारून माप घेतलं:
खांद्याची एक, दंडाची एक,
उराखालची तिसरी.

विलायतेत म्हणे मोठं घराणं.
जमीन थोरल्याची, वाडी थोरल्याची,
हिच्या वाट्याला नुसतं आडनाव,
तेही कुणासाठी टाकायचं ते भाऊ ठरवणार.
आया सुरतेची, तिला सगळं ठाऊक.

तंबूत नाच होता.
फितीचा रंग तिनं तीनदा बदलला.
शेवटी पिवळा. लेफ्टनंटाच्या कॉलरचा.
शिंप्याचं तोंड टाचलेलंच बरं.

लेफ्टनंट सातपुड्यात गेला,
मागोमाग हिवताप.
"कशी शे माय?" मी विचारायचो.
"बरी शे," म्हणायची, आमच्याच बोलीत,
आणि दर खेपेला झगा
बोटभर आत घ्यायला लावायची.

चैतात भावानं गाठ पक्की केली,
पिकल्या मिशांच्या कर्नलाशी.
पांढरं रेशीम आलं.
आमच्यात पांढरं कधी नेसतात
ते मी सांगितलं नाही.
घडी घातलेला एक कागद तिनं पुढे केला.
उराखालच्या शिवणीत तो आतून टाचला,
बारीक टाक्यानं, दिसू नये असा.

दोरी अजून पेटीत आहे.
सून विचारते, कुणाचं माप?
मी म्हणतो, राहू दे,
गाठी सुटत नाहीत.