सहभागी हवेत

वय तीस ते पंचावन्न, राहणार इंदूर,
आठवड्यातल्या तीन रात्री तरी झोप नाही,
असा आमचा मजकूर.
नीतिसमितीने दोनदा परत पाठवला,
'आराम पडेल' खोडल्यावर मंजूर केला.
चित्रात उशी. निळी.
जाहिरातीला रोजचे पाचशे.

दिवसभर कुणी फिरकलं नाही.
एकाने विचारलं, उशी केवढ्याला?
लोकमान्य नगरच्या मराठी गटात
हळदीकुंकवाच्या फोटोंखाली गडप झालो.

मग रात्री पावणेतीनला फोन थरथरू लागला.
साहजिकच होतं.
ज्यांना शोधत होतो
त्यांची हीच तर भेटायची वेळ.

सुदामा नगरच्या टेंबेकाकू, दोन्ही मुली पुण्यात:
"मी पंख्याच्या फेऱ्या मोजते. चालेल का?"
वय एकसष्ट. निकषाबाहेर.
सियागंजात गोदाम राखणारा दिनकर पोफळे:
"मी तर रोजचाच जागा, ताई."
रात्रपाळी. निकषाबाहेर.
पगारासाठी जागणाऱ्याचं काय करायचं
ते तक्त्याने आधीच ठरवलेलं.

नकाराचा मजकूरही मंजूर होता:
आपण दाखवलेल्या उत्सुकतेबद्दल आभार.
चिकटवायचा, पुढे जायचं.
अर्ज चारशे बारा, बसणारे अठ्ठावन्न.
सराफ्यातली शेवटची कढई उतरून
गल्ली धुऊन होईतो
माझे वीस जणांचे आभार मानून होतात.

पोफळे मात्र हटला नाही.
"प्रवासखर्चाचे तीनशे नकोत मला.
एवढंच विचारायचं होतं,
सात वर्षं झाली,
आता सुट्टीच्या रात्रीही डोळा लागत नाही.
हे ड्यूटीत धरायचं
की माझ्यात?"

मी लिहिलं, आपण दाखवलेल्या
आणि पुसलं.
लिहिलं, मलाही
पुसलं.
संशोधकाने स्वतःविषयी बोलू नये,
परिशिष्ट तीन.
खाली महापालिकेचं झाडू-यंत्र
आधीच लख्ख असलेला रस्ता
पुन्हा झाडत गेलं.
मी नुसतीच अंगठा धरून बसले
काचेवर.

"लिहा ना ताई," त्याचा निरोप आला,
"मघापासून तुमची तीन टिंबं हलतायत.
मला घाई नाही.
पाळी सहाला संपते."