तिसरं कडवं

लरलीनच्या खानावळीत शनिवारी रात्री
भांडण ठरलेलं : ते गाणं खरं कुणाचं?

डेल्मर म्हणतो, पहिल्याचंच.
तबकडीवर चरे पडलेत, सुई तीनदा अडखळते,
पण घोडा रिकाम्या खोगिरानं परततो तिथं
गड्याचा आवाज फुटत नाही.
"रडायचं काम आपलं. त्याचं नव्हे."

ओपलला नॅशव्हिलच्या बाईचं आवडतं,
बारा व्हायोलिनं, मागं कोरस.
साखरेत बुडवलेलं लोणचं, म्हणतो डेल्मर.
पोरांना कुणा दाढीवाल्याचं, इतकं पळतं
की गाणं संपायच्या आत घोडा घरी.

मी कॉफी ढवळत बसतो.

आई गायची, रात्रपाळीहून आल्यावर,
बिस्किटांचं पीठ मळत, सुराच्या जरा खालीच.
दोन कडवी. मग भट्टीचं दार धाडकन लावायची
आणि थेट शेवटचं ध्रुवपद.
आमच्या घरात तो माणूस
नदी उतरून दरवेळी परत यायचा.

एकोणिसाव्या वर्षी, हॅझर्डच्या रस्त्यावर,
ट्रकच्या रेडिओवर सगळं ऐकलं.
गाडी कडेला घेतली.
इंजिन बंद करायचं सुचलं नाही.
दाराशी बाबांचे खाणीतले बूट असायचे,
आकार राहावा म्हणून
आत वर्तमानपत्र कोंबलेले.
कागद ती दर नाताळला बदलायची.

"आणि तुझं रे, एल्डन?" लरलीन विचारते.
दोन कडव्यांचं, मी म्हणतो.
डेल्मर मान हलवतो :
तसं कुणी रेकॉर्डच केलेलं नाही.