आ करा

चपला असू द्या पायात.
एरवी हे समाजमंदिर, रविवारी दवाखाना.
पाणी सांडतं, थुंकी सांडते,
क्वचित रक्तही.
पुसायला मी आहे.

हे घ्या टोकन. बावीस.
चाळीसच्या पुढं देत नाही,
मागच्या वेळी परत गेलेल्यांना आज आधी घेतलंय,
तेव्हा कुरकुर करू नका.
नाव सांगा. वय?
अंदाजे सांगा. दात बघून डॉक्टर लावतात हिशेब,
बहुतेकांचं दहा वर्षं जास्तच लावतात.

काही खाल्लंय का?
नसेल तर कोपऱ्यावर केळीवाला आहे,
दुखत नाही त्या बाजूनं खा.
उपाशीपोटी सुई घेतली की माणूस कलंडतो.
गेल्या महिन्यात खदानीतला एक गडी
असा आडवा झाला की चौघं लागले उचलायला.
सुरुंग लावायचा म्हणे पूर्वी.

गोळ्या चालू असतील तर पाकीट दाखवा.
‘ती पांढरी, बारकी’ असं सांगू नका,
सगळ्याच गोळ्या पांढऱ्या आणि बारक्या असतात.

मिश्री लावता?
खरं सांगा, इथं कुणी ओरडत नाही.
मीही लावायची. सासूनं शिकवली,
पहिल्या खेपेला, पोटात पोर असताना.
भूक मरते म्हणाली.
मेली.

फुकट आहे, हो, खरंच.
पण सगळंच होत नाही.
किडका काढतात, थोडा किडलेला भरतात,
कीट खरवडून देतात.
कवळी नाही. तार नाही.
रूट कॅनॉल फक्त पुढच्या दातांचं,
त्याला तीन रविवार यावं लागतं.
मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलंय, हे सांगून उपयोग नाही.
तरी सांगून बघा.
डॉक्टर नाझनीन कधी कधी विरघळतात.

आणि तुम्ही आता टेबलावर वाकून
हळूच जे विचारणार आहात, ते मला माहीत आहे.
सगळे तेच विचारतात:
फुकटात बधिर करतात ना?
की तसाच उपटतात?
आधी हसू यायचं मला.
मग हणमंत धोत्रे आला, त्यानं तीनदा विचारलं.
दोन दाढा त्यानं आधीच काढल्या होत्या,
घरी, पक्कड घेऊन, बायकोला बाहेर बसवून.
त्याला आत नेऊन औषधाची बाटली दाखवली.
वाशीच्या एसी दवाखान्यात असते तीच.
वाचता येत नव्हतं त्याला,
पण बाटली हातात घेऊन
उभा राहिला बराच वेळ.

खुर्ची मागं जाईल. पडत नाही.
दिवा डोळ्यावर येईल, डोळे मिटा.
मशीनचा आवाज दगड कापल्यासारखा, पण बारीक.
तुर्भ्यातल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो,
म्हणूनच जास्त भीती वाटते.
दुखलं तर डावा हात वर करा.
ते थांबतात.

हे नीट ऐका, कारण पटत नाही कुणाला.
यल्लव्वानं पाच वेळा हात वर केला.
पाचही वेळा मशीन थांबली,
डॉक्टरनं मास्कआडून विचारलं, काय होतंय?
काही नाही, म्हणाली.
बाहेर आल्यावर मी विचारलं, एवढं दुखत होतं?
कापूस दाबलेल्या तोंडानं बोलली,
अर्धंच कळलं मला:
दुखत नव्हतं गं.
बघत होते, खरंच थांबतात का.

तर, कापूस अर्धा तास दाबून धरायचा.
थुंकायचं नाही. आज गरम चहा नाही.
बाकीचं कागदावर लिहून देतील,
घरी वाचणारं नसेल तर मला विचारून जा.

एकवीस बाहेर आले.
पिशवी माझ्याकडे द्या, आत नका नेऊ.
चला, बावीस.