एकतीस चिठ्ठ्या

बारा दहाचं लेक्चर. कोपरखैरणे, तिसरा मजला.
एक पंखा फिरतो, दुसऱ्याचं नुसतं बटण.
एफवायबीकॉम, ब तुकडी. सूत्र सगळ्यांना पाठ:
बेरीज करा, संख्येने भागा, खाली दोन रेघा मारा.
दोन रेघांच्या खाली काही विचारायचं नसतं
हे शाळेतूनच शिकून आलेत सगळे.

मी म्हटलं, आज पुस्तकं मिटा.
फळ्यावर लिहिलं: घरून निघाल्यापासून
वर्गात पोचेपर्यंत किती मिनिटं?
नाव नको. फक्त आकडा.
माझाच रिकामा डबा फिरवला बाकांवरून,
लिंबाच्या लोणच्याचा वास राहिलेला त्यात.

एकतीस चिठ्ठ्या. बाराशे साठ मिनिटं.
भागाकार दर्पणाने केला, मोबाइल न काढता:
चाळीस, आणि वर थोडं.
चाळीस कोणाला लागतात? हात वर करा.
एकही हात नाही.
बोनकोड्याची पोरं चालत येतात, दहा मिनिटांत,
दिघ्याच्या दोघींना पंचेचाळीस, बस वेळेवर आली तर.
"मग हे चाळीस कोण, मॅडम?" मागून कोणीतरी.
वर्ग हसला. मीही.
आठ वर्षं पेपर काढतेय,
इतका चांगला प्रश्न मला सुचला नाही.

मग सगळ्यांचं लक्ष त्या चिठ्ठीवर. तीनशे.
निळी शाई, तीनवर दोनदा गिरवलेलं,
घडीत कांद्याचा पापुद्रा.
"शून्य जास्त पडलंय."
"काढून टाका मॅडम, मग बघा, बरोब्बर बत्तीस."
खरंच बत्तीस. गुळगुळीत, काठाला काही न सांडलेले.
डस्टर हातात होतं. मी पुसणारच होते.

नकुल गोळे उभा राहिला. कधी राहत नाही.
"सात दहाला निघतो घरून.
मार्केटला पप्पांच्या जागी असतो, कांदा-बटाट्याला.
त्यांची कंबर धरलीय दिवाळीपासून.
सव्वाअकराला सोडतात, मग इथे.
प्रवास किती, असं नाही लिहिलंत तुम्ही.
निघाल्यापासून लिहिलंत."

मी वळून फळ्याकडे पाहिलं. अक्षर माझंच.
उत्तर बरोबर होतं, प्रश्न ढिला होता.
हे वर्गासमोर म्हणायला मला जो वेळ लागला
तो कोणत्याच चिठ्ठीत नाही.

टेबलावर चिठ्ठ्या लावल्या, लहानापासून मोठीकडे.
मधली, सोळावी, उचलली: पंचवीस.
शेवटच्या तीनशेचे तीन हजार करा,
ही जागची हलणार नाही.
"म्हणजे मी मोजलाच गेलो नाही?" नकुल म्हणाला.
मोजला गेलास.
ऐकू आला नाहीस.
म्हणून दोन्ही आकडे लिहायचे, शेजारी शेजारी,
आणि त्यांच्यात एवढं अंतर का, हे तिसऱ्या ओळीत.
वहीत तिसरी ओळ कोणी सोडलेलीच नव्हती.

शेवटची पाच मिनिटं. सवयीने बोलून गेले,
शितावरून भाताची परीक्षा.
रुमाना मुकादम म्हणाली, "भात ढवळलेला असेल तर, मॅडम.
आमच्या डेगीत वरचं शीत मोकळं सुटतं
तेव्हाच बुडाला करपत असतं."
मी हजेरीपट उघडला. चौसष्ट नावं.
कोणी काही विचारलं नाही.
सगळे हळूहळू रिकाम्या बाकांकडे बघायला लागले,
जे पोचलेच नाहीत
त्यांची मिनिटं तिथे ठेवलेली असावीत तसे.

बेल झाली. चाचणीचा पेपर आधीच छापायला गेलाय:
सरासरी काढा, गुण पाच.

संध्याकाळी लेकीने डबा उघडला घासायला.
एकेक कागद नाकाशी नेत म्हणाली,
सगळ्यांना लोणच्याचा वास येतोय, आई.
या एकाला कांद्याचा.